पेत्र नावाचा मऊ माणूस

चावीकाकांचं खरं नाव पेत्र आहे, असं बाजारात कुणाला सांगितलं तर तो आधी हसेल आणि मग विचारेल, "कोण, ते जिन्याखाली बसतात ते?" यात विचारणाऱ्याची चूक नाही. जिन्याखालच्या त्या खोपटात एक माणूस, एक यंत्र आणि भिंतभर टांगलेल्या कोऱ्या चाव्या एवढंच मावतं, नाव मावत नाही. पाटी रंगवली तेव्हा रंगाऱ्याने मालकाच्या नावासाठी वर जागा सोडली होती. मग तोच म्हणाला, "काका, नावाने कुणी येत नाही हो, कामाने येतात. इथे 'कुलूप दुरुस्ती' टाकू या का?" काका म्हणाले, "टाका की." तेव्हापासून त्या जागेवर कुलूप दुरुस्ती आहे.

घरी बायको 'अहो' म्हणते. मुलगा आणि सून 'पपा' म्हणतात. शेजारीण 'चावीवाले' म्हणते, चर्चमध्ये पाळकसाहेब 'बंधू' म्हणतात, आणि बँकेतली मुलगी मान वर न करता 'पुढचे' म्हणते. पाहुणे आले की काढू म्हणून कपाटात वर ठेवलेल्या कपबशांसारखं ते नाव राहून गेलं. एक टवका नाही, की एक डाग नाही. पाहुणेच आले नाहीत.

नाव ठेवलं होतं आईने. वडील मोठे हौशी गृहस्थ. आज रंगाचं दुकान, उद्या कोंबड्या, परवा कुणाच्या तरी भागीदारीत साबण, आणि तेरवा तो साबण घरीच वापरून संपवायचा. या घरात एकाने तरी जागेवर राहावं म्हणून आईने मुलाचं नाव पेत्र ठेवलं. पेत्र म्हणजे खडक. ती गॅलरीतून अशी हाक मारायची की गल्लीतली तीन-चार पोरं आपापल्या घरी पळायची. ती गेली आणि हाकही गेली. तिच्यानंतर त्या नावाने काकांना कुणीही बोलावलेलं नाही.

निसर्गाने मात्र नावाचा अर्थ वाचलेला नव्हता. काका म्हणजे कोमट पाण्यात पडलेला साबण. गिऱ्हाईक चावी आपटून म्हणालं, "बसत नाही", तर काका माफी मागत नवी कापून द्यायचे. मग कळायचं, तो मनुष्य भलत्याच मजल्यावर भलत्याच दाराशी झटत होता. तेव्हाही काकाच म्हणायचे, "दारं सारखीच दिसतात हो हल्ली." एकदा चर्चच्या बैठकीत पडदे निळे की पांढरे यावर मत घेतलं. काकांनी निळ्यालाही हात वर केला आणि पांढऱ्यालाही. दोघांनाही वाईट वाटायला नको. शेवटी पडदे करडे आले आणि ते कुणालाच आवडले नाहीत.

पण या मऊ माणसाच्या आत आपल्या नावाचा ताठा होता. लहानपणी चर्चच्या खिडकीतल्या रंगीत काचेवर त्यांनी दाढीवाला पेत्र पाहिला, हातात दोन भल्यामोठ्या चाव्या घेतलेला. स्वर्गाच्या चाव्या. आपलं नाव आणि त्या चाव्या यांचा धागा पोराच्या मनात तिथेच जुळला, आणि पुढे कुलपाचा धंदा शिकायला जाण्यात त्या खिडकीचाही हात होता. रविवारच्या शाळेत बाईंनी सांगितलं की पेत्र मासे पकडायचा, तेव्हा त्यांचा फार विरस झाला. मग त्यांनी मनाशी जुळवून घेतलं. मासेमारी आधीची, चाव्या नंतरच्या. माणूस धंदा बदलतो. आपल्या वडिलांनी नाही का बदलले?

स्वतःचा मुलगा झाला तेव्हा नाव सासऱ्यांनी ठेवलं. "जावईबापू, चालेल ना?" असं त्यांनी विचारलं होतं आणि जावईबापू "मला काय" म्हणाले होते. ते 'मला काय' गळ्यात घोट अडकावा तसं इतकी वर्षं अडकून होतं. आणि आता त्या मुलाला मुलगा झाला.

बाळ घरी आलं, तसं काकांनी ठरवलं की या वेळी नाव जाऊ द्यायचं नाही. आता नाही दिलं तर ते आपल्याबरोबर थडग्याच्या दगडावर जाऊन बसणार, आणि दगडाला कुणी हाक मारत नाही. या घरात पुन्हा कुणीतरी गॅलरीतून 'पेत्र' म्हणून ओरडावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ती सरळ बोलून टाकली असती तर पुढचं काही झालंच नसतं. पण सरळ बोलणं हे त्यांच्या यंत्रावर कापलं जात नव्हतं. ते आडून बोलायला लागले.

चहा पिता पिता म्हणायचे, "खडक किती उपयोगी वस्तू आहे, नाही?" बायको म्हणायची, "कशाला?" ते म्हणायचे, "असंच." सून बाळाचा लंगोट बदलत असली की हे दारातून सांगायचे, "याची मान बघ, कशी घट्ट धरतो. दगडच." सुनेला वाटायचं, सासरे पोराला मठ्ठ म्हणताहेत.

मग ते पाळकसाहेबांकडे गेले. हेतू असा की पाळकसाहेबांनी पुढच्या रविवारी उपदेशात पेत्राचा विषय काढावा, म्हणजे परभारे काम होईल. पाळकसाहेब विद्वान होते, पण त्यांना प्रश्न विचारणं म्हणजे गावचा नळ उघडा टाकणं. त्यांनी पाठ टेकली आणि सुरुवात केली. पेत्राचं मूळ नाव शिमोन. प्रभूने त्याला नवं नाव दिलं ते केफा, म्हणजे त्यांच्या बोलीत खडक, आणि ग्रीकमध्ये त्याचंच झालं पेत्र. कुठे त्याचा पेद्रो झाला, कुठे पिएर, कुठे प्योत्र, कुठे बुत्रुस. होडी सोडून तो प्रभूमागे गेला, मंडळीचा पुढारी झाला, आणि शेवटी क्रुसावर जाताना म्हणाला म्हणे की मला उलटं टांगा, प्रभूसारखं सरळ मरायची माझी लायकी नाही. अशी परंपरा सांगते.

काका भारावून ऐकत होते. "म्हणजे नाव चांगलंच आहे तर."

"चांगलं? बंधू, अर्धी ख्रिस्ती दुनिया या नावाने हाक मारते."

"आमच्या घरात कुणी मारत नाही," काका म्हणाले.

पण पाळकसाहेब तेव्हा केफाच्या व्याकरणात शिरले होते. रविवारी त्यांनी उपदेश दिला तो नोहाच्या तारवावर.

इकडे विहीणबाई उजाडल्या. विहीणबाई म्हणजे सुनेची आई, एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. निवृत्ती शाळेतून झाली होती, मुख्याध्यापकीतून नाही. त्या आल्या त्या नाव घेऊनच आल्या. "एथन," त्या म्हणाल्या. "जुन्या करारातलं आहे, हल्लीच्या मुलांना शोभेल असंही आहे. अर्थ माहीत आहे? स्थिर, बळकट, टिकणारा."

काकांच्या कानात हे गेलं आणि त्यांना वाटलं, हा तर खडकच. फक्त नवीन डब्यात भरलेला. पण हे ते मनात म्हणाले. मनात ते फार छान बोलायचे.

आता पुढचं नीट सांगितलं पाहिजे, कारण काकांच्या हातून जी चूक झाली ती पेत्र नावाच्या माणसाखेरीज दुसऱ्या कुणाला जमली नसती.

आधी मुलाने विचारलं. दुकानाशी येऊन, हेल्मेट काखेत धरून. "पपा, तुमच्या मनात काही नाव आहे का? असलं तर सांगा बरं का." काका चावी कानशीवर घासत होते. घाशीतच म्हणाले, "माझ्या मनात कसलं नाव? तुम्ही शिकलेली माणसं. ठेवा चांगलंसं."

नंतर सुनेने विचारलं. ती सरळ मुलगी. बाळाला खांद्यावर थोपटत तिने थेटच टाकलं, "पपा, खरं सांगा. तुमचंच नाव ठेवायचं का? मला चालेल."

समोर ताट वाढून ठेवलेलं. काकांना इतकी लाज वाटली की कानशिलं तापली. आपलं नाव आपणच मागायचं? ते म्हणाले, "माझं? नको गं बाई. जुनाट नाव ते. पोराला शाळेत चिडवतील."

सुनेने दोन क्षण वाट पाहिली. मग म्हणाली, "बरं."

तिसऱ्यांदा विचारलं विहीणबाईंनी, सगळ्यांसमोर, चष्मा पुसत. "मग एथन नक्की. व्याह्यांची काही हरकत नाही ना? एकदा ठरलं की मला पुन्हा चर्चा नको."

"मी कोण हरकत घेणारा?" काका हसून म्हणाले. "उलट मला ते नाव पहिल्यापासूनच आवडतं."

बायको पाण्याचा तांब्या घेऊन तिथेच उभी होती. नवऱ्याला ती आरपार ओळखून होती. इतके दिवस ही खडकाची वर्णनं कशासाठी चालली आहेत हे तिला केव्हाच कळलं होतं. हा बाबा कधी तोंड उघडतो याचीच ती वाट बघत होती. ती हळूच म्हणाली, "घरात कोंबडा नाही म्हणून वाचलात."

शास्त्रातल्या पेत्राने कोंबडा आरवायच्या आत प्रभूची ओळख तीनदा नाकारली, आणि मग बाहेर जाऊन तो खूप रडला. काकाही बाहेर गेले. रडू काही येईना, म्हणून त्यांनी दाराच्या बिजागरीला तेल घातलं. ती कुरकुरत नव्हती.

"आता सांगा जाऊन," बायको मागून आली. "अजून वेळ गेलेली नाही."

"आता कसं सांगू? सगळ्यांसमोर म्हटलंय."

"मग सगळ्यांसमोरच फिरवा."

"तुझं आपलं काहीतरीच."

"माझं काय जातंय," ती म्हणाली. "नाव तुमचं आहे."

रविवारी बाप्तिस्मा होता. काकांनी कोट घातला. कोटाच्या आतल्या खिशात सवयीने चिमटा, तारेचा आकडा आणि बारीक कानस गेली. ती नसली की त्यांना चष्म्याशिवाय निघाल्यासारखं वाटायचं. चर्च भरलं होतं. विहीणबाई पहिल्या बाकावर, पाठ फळ्यासारखी ताठ. दुसरं गीत झालं की पाळकसाहेब बाळाला हातात घेणार होते. तेवढ्यात आतल्या खोलीतून रखवालदार घाईघाईने आला आणि पाळकसाहेबांच्या कानाला लागला.

भानगड अशी झाली होती की बाप्तिस्म्याचं चांदीचं भांडं ज्या कपाटात असतं त्याच्या कुलपात रखवालदाराने भलतीच चावी घातली, जोर केला, आणि ती आत मोडली. पाळकसाहेब म्हणाले, "काही बिघडत नाही. स्वयंपाकघरातली स्वच्छ वाटी आणा. पाणी तेच."

पण ते भांडं विहीणबाईंच्या आजोबांनी चर्चला दिलेलं होतं, आणि त्याच्या काठावर आजोबांचं नाव होतं. विहीणबाई उठल्या. "माझ्या नातवाचा बाप्तिस्मा वाटीत होणार नाही." मग त्यांनी मान वळवून चष्म्यावरून पाहिलं. "व्याही, तुम्ही आहात ना."

काका नेहमीप्रमाणे "हो हो, आत्ता" म्हणत उठले.

आतली खोली लहान होती. कपाटासमोर काका गुडघ्यांवर बसले. मागे विहीणबाई, पाळकसाहेब, खाली मान घातलेला रखवालदार, दारात बायको. बाहेर लोक तिसरं गीत उगाच दुसऱ्यांदा म्हणत होते. चिमट्याने मोडका तुकडा निघाला. मग काकांनी तारेचा आकडा आत सारला, डोळे मिटले आणि कुलपाचं आतलं हलणं बोटांनी ऐकलं. या कामात त्यांना कुणाची भीड नव्हती. कुलपाला ते कधीच 'मला काय' म्हणाले नव्हते.

बाहेर बाळ रडायला लागलं.

"आटपा हो," विहीणबाई म्हणाल्या. "एथन रडतोय."

काकांचा हात थांबला. इतके दिवस ती नुसती चर्चा होती. आता पहिल्यांदा ते नाव त्या रडण्याला चिकटलं. अजून पाणी पडायचं होतं आणि विहीणबाईंनी तर हाकसुद्धा मारायला सुरुवात केली.

"मला ते नाव पसंत नाही," काका कपाटाला म्हणाले.

"काय?"

काका वळले. गुडघ्यांवरच होते, त्यामुळे विहीणबाई फारच उंच दिसत होत्या. "नाव. एथन. मला पसंत नाही. म्हणजे वाईट नाही ते. पण मला पेत्र हवंय."

"व्याही, तुम्ही स्वतः म्हणालात, पहिल्यापासून आवडतं म्हणून."

"खोटं बोललो."

पाळकसाहेबांनी छताकडे पाहिलं. दारात सून बाळाला घेऊन आली होती, मागे मुलगा. विहीणबाईंनी मुख्याध्यापिकेचा श्वास घेतला.

"पेत्र? त्या माणसाने काय काय केलं ते ठाऊक आहे ना? प्रभूची ओळख तीनदा नाकारली. बागेत कुणाचा तरी कान कापला. आणि विश्वास इतका पक्का की पाण्यावर चार पावलं टाकली न टाकली तोच बुडायला लागला. अशाचं नाव आपल्या मुलाला?"

"बुडायला लागला, बरोबर," काका म्हणाले. त्यांचा आवाज चिरका झाला होता. "पण बाकीचे अकरा जण होडीत कोरडे बसले होते, विहीणबाई. बुडायला निदान उतरावं तरी लागतं."

पाळकसाहेब म्हणाले, "खरं तर ग्रीकमध्ये तिथे जो शब्द आहे तो—" आणि काकूने, म्हणजे काकांच्या बायकोने, त्यांच्याकडे असं पाहिलं की ग्रीक तिथेच राहिलं.

"म्हणजे आता कपाट उघडणार नाही असं म्हणायचंय का तुम्हाला?" विहीणबाई म्हणाल्या.

ही गोष्ट काकांच्या डोक्यातच आली नव्हती. सगळं चर्च, बाप्तिस्मा आणि विहीणबाईंचे आजोबा त्यांच्या एका तारेवर लटकत होते, हे त्यांना आत्ता कळलं. दुसरा कुणी असता तर तार खिशात घालून मांडी ठोकून बसला असता. काका घाबरले. "छे छे, कपाटाचा काय संबंध?" म्हणत त्यांनी आकडा फिरवला, कुलूप सुटलं, दार उघडलं, आणि भांडं बाहेर काढून कोटाच्या बाहीने पुसून त्यांनी विहीणबाईंच्या हातात दिलं सुद्धा. हातातला एकुलता एक हुकमाचा पत्ता त्यांनी असा पुसून, चकचकीत करून परत केला.

काकूने कपाळाला हात लावला.

सून मात्र सासऱ्यांकडे बघत होती. "पपा, मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"सरळ विचारलं होतं."

"हो गं. लाज वाटली मला. आई गेल्यापासून त्या नावाने कुणी बोलावलंच नाही. मलाच ते कुणा दुसऱ्याचं वाटायला लागलं होतं." ते उठायचा प्रयत्न करत होते, एक पाय झोपला होता. "आता तुम्ही ठरवा. मी बोललो, माझं झालं."

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मला काय—" आणि पुढचं गिळलं, कारण दोन्हीकडून बायका त्याच्याकडे वळल्या होत्या. "पेत्र," तो म्हणाला. "मला पेत्र चालेल. आवडेल."

"आई, एथन दुसरं नाव ठेवू," सून म्हणाली. "तुलाही हाक मारता येईल. आणि पपा, एक अट. उद्या कुणी विचारलं हे नाव कुणी ठेवलं, तर 'मला काय माहीत' म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार," काका म्हणाले.

विहीणबाईंनी भांड्याच्या काठावरून बोट फिरवलं, आजोबांचं नाव जागेवर आहे हे पाहिलं, आणि म्हणाल्या, "पेत्र एथन. खडक, आणि वर बळकट. मूल आहे की धरणाची भिंत?" पण बाहेर जाताना त्या आधी निघाल्या, आणि लोकांचं तिसरं गीत त्यांच्या एका नजरेने थांबलं.

पाणी पडलं. बाळ ओरडलं. पाळकसाहेबांनी नाव मोठ्याने घेतलं तेव्हा काकांनी खाली पाहिलं आणि बूट नीट केल्यासारखं केलं.

आता गोष्ट इथे संपायला हवी होती, पण घरं अशी संपत नाहीत. बाप्तिस्म्यानंतर बाळाला सुनेने 'गोळ्या' म्हणायला सुरुवात केली. मुलगा 'साहेब' म्हणायचा. शेजारीण 'छोटे चावीवाले' म्हणायची, आणि विहीणबाई फोनवर 'एथन' म्हणायच्या, इतक्या मोठ्याने की फोनची गरजच नव्हती. काका दुकानातून येऊन पाळण्याशी कान देऊन बसायचे. नाव पडलं होतं, पण ते पुन्हा वरच्या फळीवर जातंय की काय अशी त्यांना धास्ती वाटायला लागली. स्वतः म्हणून पाहिलं, तर आपणच आपल्याला बोलावतोय असं वाटून ते इकडेतिकडे बघायचे. कुणाला सांगायची मात्र सोय नव्हती. एका जन्मात किती वेळा गुडघे टेकायचे?

एका सकाळी ते बाहेरच्या खोलीत चहा घेत बसले होते. आत काकू बाळाला पुसत होती. बाळाचं आता वळवळणं सुरू झालं होतं. एक पाय लंगोटात घातला की दुसरा बाहेर. काकूचा धीर सुटला.

"पेत्र, पाय खाली कर. पेत्र, ऐकतोस की नाही?"

काकांच्या हातातला कप बशीत गेला. आत काय होतंय हे डोक्यात शिरायच्या आधी पाय उठले होते. ते दारात जाऊन उभे राहिले.

काकूने वर पाहिलं. तिच्या तोंडून काय गेलं ते तिच्याही आत्ताच लक्षात येत होतं. ती लाल झाली, पण मागे फिरली नाही. "तुम्हाला नाही, त्याला म्हटलं."

"माहीत आहे मला."

"मग आलात कशाला?"

"त्याला अजून चालता येत नाही," काका म्हणाले. "हाक मारली तर कुणीतरी यायला नको का?"

काकूने ओला लंगोट उचलून त्यांच्या हातात दिला. "आलाच आहात तर हा दोरीवर टाका. आणि तिथेच उभे राहा. याचा दुसरा पाय सापडला नाही तर पुन्हा बोलावीन."